संक्रांत झाली की मोगरा छाटायचा: उन्हाळी फुलांची घरची बाग

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही नर्सरीत जाऊन बघा. दारातच कळ्यांनी लगडलेले मोगरे मांडून ठेवलेले असतात आणि हात आपोआप पाकिटाकडे जातो. माझाही गेला होता. रोप घरी आणलं, हौसेने मोठ्या कुंडीत लावलं आणि आठ दिवसांत एकूण एक कळी तांबूस होऊन गळली. पुढे पावणेदोन वर्षं त्या झाडाने नुसती पानं काढली. हिरवीगार, तुकतुकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याने कौतुक करावं अशी. फूल मात्र एक नाही.

शेवटी एका जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या काकू गच्चीत पापड वाळत घालायला आल्या आणि झाडासमोर थबकल्या.

"अगं, हे काय जंगल वाढवलंयस? निम्मं काप की!"

"काकू, मरेल ना ते."

"मोगरा कापल्याने मरत नाही. न कापल्याने माजतो. बघ, कसा माजलाय!"

कापला. मार्च संपता संपता पहिली ओंजळभर फुलं मिळाली.

त्यामागचं कारण साधं आहे. मोगऱ्याची कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाला. जुनी काडी कितीही जाडजूड असली तरी तिच्यावर फूल धरत नाही. म्हणून खाली जे जे सांगितलंय (ऊन, खत, पाणी, कात्री) ते सगळं एवढ्यासाठीच, की झाडाने योग्य वेळी नवी फूट काढावी. मी पुण्यात गच्चीवर बाग करते, त्यामुळे हिशेब पुण्याच्या हवेचा आहे. कोकणात आणि विदर्भात जिथे वेगळं करावं लागतं, ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आधी ऊन बघा, मग रोप

मोगऱ्याला दिवसाचं किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तीन-चार तासांवर झाड जगेल, फुलेलही थोडंफार, पण गजऱ्याची स्वप्नं बघू नका.

इथे बाल्कनीवाल्यांची एक हमखास फसगत होते. जानेवारीत दक्षिणेकडच्या बाल्कनीत झक्क ऊन येतं, म्हणून कुंड्या तिथे मांडल्या जातात. पण आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर चढतो. पुण्या-मुंबईला मेच्या मध्यावर तो भर दुपारी बरोब्बर माथ्यावर असतो, सावली पायाखाली जाते. वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा ऊन जेमतेम कठड्यापर्यंत पोचतं. म्हणजे ज्या महिन्यांत फूल हवं, त्याच महिन्यांत झाड सावलीत! पूर्वेची बाल्कनी उत्तम. पश्चिमेची चालते, मात्र दुपारनंतर भिंत तापते, तेव्हा कुंडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा. गच्ची असेल तर प्रश्नच नाही, फक्त कुंड्या फरशीवर टेकवू नका. खाली दोन-दोन विटा द्या. मेमध्ये फरशीवर आपला अनवाणी पाय ठरत नाही, तिथे मुळांचं काय होत असेल!

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या मध्यापासून दुपारच्या वेळी वर हिरवी जाळी लागेल, पन्नास टक्के ऊन अडवणारी पुरे. ती बांधायची दुपारच्या उन्हासाठी. सकाळचं ऊन झाडाला मिळालंच पाहिजे.

रोप आणताना

नर्सरीत साधारण तीन नावं कानावर पडतील. बटमोगरा: कळी गोल, गच्च, बटणासारखी. मदनबाण: कळी लांब आणि टोकदार, गजऱ्यात ओवायला सोपी. हजारी: फुलं झुबक्याने येतात. पहिलं झाड असेल तर बटमोगरा किंवा मदनबाण घ्या. वासाला कोणता सरस यावर आमच्या घरात एकमत नाही.

कळ्यांनी भरलेलं रोप घेण्याचा मोह आवरा. त्यापेक्षा बुडापासून तीन-चार काड्या फुटलेलं, टोकाला कोवळी पोपटी पालवी असलेलं, पानांच्या खाली जाळं किंवा पांढरा कापूस नसलेलं रोप निवडा. कळ्या नर्सरीतच राहिल्या तरी हरकत नाही, त्या अशाही गळणारच असतात.

आता पिशवीतल्या मातीबद्दल, कारण अर्धी रोपं इथेच मरतात. पुष्कळ रोपं चिकट मातीच्या गोळ्यात बांधून येतात. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून ते ठीक असतं, पण हा गोळा तसाच कुंडीत ठेवला आणि भोवती भुसभुशीत माती भरली, तर पाणी बाजूने निघून जातं. वरची माती ओली दिसते, आतला गोळा मात्र विटेसारखा कोरडा. आणि उलट, एकदा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाही. म्हणून पिशवी ब्लेडने उभी चिरा, गोळा पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि बाहेरचा मऊ झालेला थर बोटांनी हलकेच सोडवा. एकतृतीयांश माती निघाली तरी पुरे. मुळं दिसायला लागली की थांबा. हे काम संध्याकाळी करायचं.

कुंडी आणि माती

सुरुवातीला बारा इंची कुंडी घ्या. मातीची असेल तर उत्तम, तिच्या अंगातून पाणी झिरपतं आणि मुळं गार राहतात. पाणी मात्र जास्त लागतं. प्लास्टिकची घेतली तर काळी नको. तळाला तीन भोकं, त्यांवर फुटक्या कुंडीच्या खापऱ्या उपड्या ठेवायच्या.

मातीचं माझं प्रमाण: दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धा भाग जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. गच्चीवर वजनाची काळजी असेल तर वाळूऐवजी कोकोपीट घाला, पण ते आधी भिजवून पिळून घ्या. नुसती काळी माती वापरू नका. पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हात भेगा पडून कडेने पाणी पळतं. शेणखत हातात घेऊन वास घ्या: शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, मुळं जाळेल. कुजलेल्या खताला मातीचा वास येतो.

कुंडी काठोकाठ भरू नका. वर दोन बोटं जागा रिकामी राहू द्या, पाणी साचून मुरायला ती लागते. लावल्यावर चार-पाच दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा, मग रोज थोडं थोडं करत उन्हात सरकवा.

ताण, छाटणी, खत: बागेची खरी सुरुवात इथे

संक्रांत झाली की कात्री काढायची, हा माझा नियम. कोकणात थंडी बेताची, तिथे डिसेंबरअखेरीसही छाटता येतं. नाशिक-नागपूरकडे कडाका असेल तर जानेवारीचा शेवट गाठा, कारण थंडीत काडीवरचे डोळे (नवी फूट निघते ते कोंब) फुटायला आळस करतात.

छाटणीच्या आधी ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. जमिनीतल्या झाडाला दोन आठवडे, कुंडीतल्याला चार ते सहा दिवस पुरतात. पानं जरा मलूल होतील, काही पिवळी पडून गळतील. घाबरू नका, पण काड्या सुरकुतायला लागेपर्यंत ताणूही नका. ही विश्रांती घेतलेलं झाड पाणी मिळताच एकदम, सगळीकडून फुटतं.

मग छाटणी. आधी वाळलेल्या आणि आत एकमेकींवर घासणाऱ्या काड्या मुळाशी काढा. उरलेल्या काड्यांची निम्मी ते एकतृतीयांश उंची कमी करा. कुठे कापायचं ते जवळून बघा: मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि जोडी निघते तिथे काडीला गाठ असते. पान बाजूला केलं की गाठीच्या दोन्ही कुशींत तांदळाच्या कणीएवढे डोळे दिसतात. फुटणार ते हेच. म्हणून गाठीच्या वर बोटाचं अर्धं पेर सोडून कापायचं. एका काडीच्या अशा दोन होतात आणि प्रत्येकीच्या टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुबका येतो, त्यातली मधली कळी आधी उमलते. हा गुणाकार लक्षात आला की हात थरथरत नाही. राहिलेली जुनी पानंही मी खुडून टाकते. झाड दोन आठवडे काटक्यांची जुडी दिसतं आणि घरचे विचारतात, मेलं का?

सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार हवी. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि टोकापासून वाळत खाली येते.

छाटणीनंतर वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करून काढून घ्या, एक दिवस तशीच उघडी ठेवा. मग दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून वर नवी माती टाका आणि भरपूर पाणी द्या. दहा-पंधरा दिवसांत डोळे फुगतात, सहा ते आठ आठवड्यांत कळ्या दिसू लागतात.

त्यानंतर दर पंधरवड्याला पेंडेचं पाणी देते. शंभर ग्रॅम शेंगदाण्याची पेंड दोन लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची, वरचं पाणी दहापट पातळ करून कुंडीला एक मग. वास भयंकर येतो. रविवारी सकाळी हे काम करू नका, शेजारी घरी असतात.

युरियाच्या वाट्याला मात्र जाऊ नका. माझी पावणेदोन वर्षं त्याच्यातच गेली: फूल येत नाही म्हणून युरिया, आणि युरियामुळे फूल नाही. नुसतं नत्र मिळालं की झाड पानांतच रमतं.

हे वाचताना एप्रिल उजाडला असेल तरी बिघडलेलं नाही. रोप आणा, असलेल्या कळ्या होऊन जाऊ द्या, मग प्रत्येक टोक पानांच्या दोन जोड्यांपर्यंत खुडून खत-पाणी द्या. महिना-सव्वा महिन्यात पुन्हा फुटून कळ्या येतील. मुरलेल्या झाडालाही प्रत्येक बहारानंतर हेच करायचं. मार्च ते जून असे दोन-तीन बहार सहज मिळतात.

पाणी

सकाळी आठच्या आत, भांडंभर नव्हे तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मेमध्ये बारा इंची कुंडीला दीड-दोन लिटर लागतं. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तर पुन्हा द्या. कळ्या असताना माती एकदाही कडकडीत वाळू देऊ नका. एका दुपारच्या विसरभोळेपणाने आठवड्याच्या कळ्या गळतात.

पाइपने पाणी घालत असाल तर आधी ते हातावर घ्या. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चहाला टाकता येईल इतकं तापलेलं असतं.

मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या की पाण्याची बरीच बचत होते. टँकरच्या दिवसांत भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी, एसीचं पाणी खुशाल वापरा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी रोज नको, त्यात क्षार गोळा झालेले असतात.

बोअरच्या जड पाण्याने आणखी एक त्रास होतो: कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. झाडाला लोह मिळत नसल्याची ही खूण. चिलेटेड लोहाचं पाकीट मिळतं, त्यावरच्या मात्रेने फवारा. अशा झाडाला राख घालू नका, दुखणं वाढेल.

कळ्या खुडणं, आणि त्यांच्यावर टपलेले

मोगरा रात्री उमलतो. कळी टपोरी, दुधाळ पांढरी झाली की ती त्याच संध्याकाळी उमलणार. चार-पाचच्या सुमारास खुडा, ओल्या फडक्यात ठेवा, दिवेलागणीनंतर वास घरभर होतो. माझं सहा वर्षांचं झाड भर बहारात रोज वीस-पंचवीस कळ्या देतं. फुलं झाडावरच वाळू देऊ नका.

माठात कळ्या टाकायची हौस असेल तर एकच पथ्य: त्या झाडावर काहीही फवारलेलं नसावं. निमतेलसुद्धा नाही.

कळी जांभळट पडली आणि तिला बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे. एक अळी झुबक्यातल्या शेजारच्या कळ्याही पोखरते, म्हणून पूर्ण झुबका खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. पानं निस्तेज, खाली बारीक जाळी आणि लाल ठिपके हलताना दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या उष्म्यात तो माजतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला तरी बराच आवरतो. कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून काढा.

एवढ्याने भागलं नाही तर निमतेल: लिटरभर कोमट पाण्यात आधी अर्धा चमचा भांड्यांचा पातळ साबण, मग पाच मिली निमतेल, चांगलं घुसळून. सूर्य मावळल्यावर, कळ्या खुडून झाल्यावर फवारा. दर आठ-दहा दिवसांनी तीनदा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात. मी भाजली आहेत.

मोगऱ्याच्या सोबतीला

नुसत्या पांढऱ्या फुलांनी मन भरत नसेल तर चिनी गुलाब लावा. ऑफिस टाइम म्हणतात तो हाच: साधारण नऊ-दहाला उघडतो, दुपारी मिटतो, ढगाळ दिवशी दांडी मारतो. कुणाच्याही कुंडीतून दोन इंचाचा तुकडा मागून आणा, उथळ कुंडीत खोचा, झालं. जास्त पाण्याने तो सडतो, बाकी कशाने मरत नाही.

झिनिया बियांवरून, फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट मोठ्या कुंडीतच पेरा. चार-सहा दिवसांत उगवतो, दोन महिन्यांच्या आत फुलतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. पाणी मुळाशी द्या, पानं भिजली की भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) धरते.

जागा असेल तर पांढरा चाफा. फूटभर काडी आणून चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत पडू द्या, मगच कोरडसर वाळूमातीत लावा. ऐन उन्हाळ्यात, पानं नसतानाही तो फुलतो. अर्धवट सावलीची बाल्कनी असेल तर अबोली. आणि फुटबॉल लिलीचे दोन कंद कुठेतरी पुरून ठेवा. वर्षभर काही दिसत नाही, मेमध्ये अचानक लाल चेंडू वर येतो.

पिटुनिया, पॅन्सी, शेवंती मार्चमध्ये स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. त्यांचा मोसम संपत आलेला असतो, म्हणूनच ती स्वस्त असतात.

मेमध्ये गावी जाताना

सगळ्या कुंड्या उन्हातून काढून एकमेकींना खेटून ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. मध्ये उंच स्टुलावर पाण्याची बादली, तिच्यातून प्रत्येक कुंडीत जाड सुती दोरी: एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत तीन बोटं खोल. दोरी आधी भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढत नाही. जाण्याआधी दोन दिवस घरीच चालवून बघा. माझ्या अनुभवात चार-पाच कुंड्यांना एक बादली तीन-चार दिवस पुरते. आठवड्याच्या वर जाणार असाल तर शेजाऱ्यांच्या हाती किल्ली आणि येताना हापूसची पेटी, हाच उपाय. परत आल्यावर झाडं एकदम उन्हात ओढू नका.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. मोगऱ्याच्या तेव्हाच्या छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार गाठींच्या काड्या फेकू नका. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, दोन गाठी मातीत जातील अशा पिशवीत खोचा, आणि पिशवीवर तारीख लिहा. आमच्याकडे गेल्या पावसात नऊ लावल्या, सहा जगल्या. एक काकूंकडे गेली.